वाटेत बंद पडलेली मोटारसायकल : निदानाची रीत

पुरंदरच्या डोंगरात उगम पावणारी कऱ्हा नदी मोरगाव व बारामतीवरून वाहत सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूर येथे, भीमेत विसर्जित होते. कऱ्हाटीच्या या मुलखाची रूपे निरनिराळी आहेत. एकीकडे नीरा डाव्या कालव्यावर पोसलेला उसाचा पट्टा, दुसरीकडे सुपे-मोरगाव भागातील पर्जन्यछायेतला जिरायत माळ आणि भिगवण-पळसदेवच्या बाजूस उजनी जलाशयाचे पसरलेले पाणी. या सर्व भागांना जोडणारे सामान्य माणसाचे वाहन म्हणजे मोटारसायकल होय. पहाटे दुधाच्या कॅन संकलन केंद्रावर पोहोचतात त्या तिच्यावरून. भिगवणच्या बाजारातील मासळी खेडोपाडी जाते ती तिच्यावरून. आणि वाडीवस्तीवरील शाळेचा शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, पशुवैद्यक यांची रोजची वाटही तिच्याच भरवशावर चालते.

एके काळी खेड्यात ‘फटफटी’ येणे हा कुतूहलाचा विषय होता. मद्रासची एन्फील्ड १९५५ पासून, तर म्हैसूरची जावा १९६१ पासून भारतीय रस्त्यांवर आली. राजदूतही ग्रामीण भागात लोकप्रिय झाली. परंतु मोटारसायकल खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचली ती १९८० नंतरच्या दशकात. १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सी.सी.ची चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली, १९८६ मध्ये बजाजने कावासाकीच्या सहकार्याने आपली मोटारसायकल आणली, आणि कमी पेट्रोलवर चालणारे वाहन शेतकरी व नोकरदार यांच्या आवाक्यात आले. पुढे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना उभा राहून २०१२ पासून तेथे व्हेस्पा स्कूटरही तयार होऊ लागली. वाहन असे दारात आले; त्याच्या अंतरंगाची ओळख मात्र त्या वेगाने झाली नाही.

या अनोळखीची किंमत वाटेत मोजावी लागते. उन्हाळ्यात दोन तास खोळंबलेले दूध नासते. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका अडकली तर वस्तीवरील मुले वाट पाहून परत जातात. याहून गंभीर बाब अशी की, रात्री रस्त्याच्या कडेला वाकून गाडी तपासणारा माणूस मागून येणाऱ्या वाहनाला दिसत नाही. बिघाड पाच रुपयांचा असला, तरी तो शोधण्याची रीत ठाऊक नसेल तर त्यातून मोठी हानी संभवते.

गाडी बंद पडली की सर्वसाधारणपणे एक तर किकवर किक मारल्या जातात, किंवा हाताला लागेल तो स्क्रू फिरविला जातो. दोन्हींमुळे मूळ दोष झाकला जातो आणि नवा दोष उत्पन्न होतो. वस्तुतः मोटारसायकल ज्या रीतीने थांबते, त्या रीतीतच तिचे निम्मे निदान असते. उरलेले निम्मे ठरावीक क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट तपासून हाती येते. हा क्रम समजण्यासाठी कुशल कारागीर असण्याची आवश्यकता नाही.

आधी माणूस, मग यंत्र

इंजिनाचा आवाज बदलू लागताच, गाडीला अद्याप वेग आहे तोवरच, चालकाने डावीकडचा दिवा लावून रस्त्याच्या डाव्या कडेला यावे. पूर्ण थांबल्यावर गाडी डांबरी भागावरून खाली, शक्य तो सपाट व उजेडाच्या जागी घ्यावी. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वाहनांचा वेग मोठा असतो. तेथे पुलावर, वळणावर किंवा चढाच्या माथ्यापलीकडे गाडी उभी करणे म्हणजे अपघाताला निमंत्रणच होय. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसारही इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडता येत नाही.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने चालतो. या काळात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर आदी कारखान्यांच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाने लादलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या असतात. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसामुळे तिच्या चालकाला मागचे आणि मागच्याला पुढचे नीट दिसत नाही. अशा रस्त्यावर बंद गाडीच्या मागे उभे राहणे किंवा रहदारीकडे पाठ करून बसणे टाळावे. शिरस्त्राण डोक्यावरच असू द्यावे. सोबत मूल किंवा वृद्ध असल्यास त्यांना रस्त्यापासून दूर बसवावे, आणि मगच गाडीला हात लावावा.

पेट्रोल किती आहे हे पाहण्यासाठी टाकीत काडी किंवा लायटर धरण्याचा प्रकार कधीही करू नये. पेट्रोलची वाफ द्रव पेट्रोलपेक्षाही चटकन पेट घेते. टाकी हलवून येणारा आवाज ऐकावा किंवा विजेरीच्या उजेडात पाहावे.

इंजिनाच्या तीन गरजा

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण ही पहिली. वजनाने पाहता एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. ते मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाणे, ही दुसरी. आणि दाबलेल्या मिश्रणाला नेमक्या क्षणी ठिणगी मिळणे, ही तिसरी. या तिन्हींपैकी एकही कमी पडली तर इंजिन थांबते. गावातील मिस्त्री हेच आपल्या भाषेत सांगतो : “पेट्रोल चढत नाही”, “करंट येत नाही” किंवा “कॉम्प्रेशन गेले”.

चालत्या गाडीत दाब एकाएकी नाहीसा होण्याचा प्रसंग विरळा. किक मारताना पायाला नेहमीचा विरोध जाणवत असेल तर दाब शाबूत आहे, असे सामान्यतः समजावे. म्हणून वाटेतल्या बहुतेक बिघाडांचा शोध पेट्रोल आणि ठिणगी या दोनच वाटांनी घ्यावयाचा असतो.

गाडी थांबली कशी ?

कोणतेही हत्यार काढण्यापूर्वी चालकाने स्वतःला हा एक प्रश्न विचारावा. उत्तरे साधारणपणे पुढीलप्रमाणे येतात.

इंजिन आधी अडखळले, झटके देऊ लागले, वेग कमी होत होत मग बंद पडले, तर पेट्रोल कमी पडल्याची शक्यता अधिक. टाकीतून सिलिंडरकडे जाणारा प्रवाह क्षीण झाला की इंजिन असेच दम टाकते.

इंजिन बटण दाबावे तसे एका क्षणात बंद झाले, तर ठिणगीची वाट तुटली असावी. अशा वेळी हॉर्न वाजवून पाहावा. हॉर्नही मुका असेल आणि फलकावरील दिवेही लागत नसतील, तर दोष बॅटरी, फ्यूज किंवा चावीचा स्विच येथे आहे. हॉर्न नीट वाजत असेल, तर प्लग व त्याच्याकडे जाणारी वायर संशयित ठरते.

गाडी तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने निवली की पुन्हा सुरू होते आणि काही अंतरावर परत थांबते, असे वारंवार घडत असेल तर इग्निशन कॉइल किंवा विजेचा एखादा भाग उष्णतेने दगा देत असावा. टाकीच्या झाकणाची हवा बंद झाल्यासही जवळजवळ असेच लक्षण दिसते; त्याचा उलगडा पुढे केला आहे.

मोठा खडखडाट होऊन, किंवा मागचे चाक घसटून गाडी थांबली आणि किक खाली जातच नसेल, तर इंजिन जाम झाले असावे. येथे तपासणी थांबवावी. पुन्हा पुन्हा किक मारल्यास किंवा गाडी गियरमध्ये ढकलल्यास दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

आणि इंजिन उत्तम चालू असून गाडीच पुढे सरकत नसेल, तर दोष इंजिनात नसून क्लच, चेन किंवा चाकात आहे.

विनाखर्चाची पहिली तपासणी

निदानाचा पहिला नियम असा की, जे डोळ्यांनी व बोटांनी क्षणात पाहता येते ते आधी पाहावे. उजव्या मुठीजवळील इंजिन बंद करण्याचे लाल बटण चुकून दाबले गेले आहे काय ? अनेक नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गियर टाकला की इंजिन बंद होते. खडबडीत रस्त्यावर स्टँडची स्प्रिंग सैल पडून तो किंचित खाली आला, किंवा त्याच्या स्विचमध्ये चिखल गेला, तरीही हाच परिणाम होतो. प्लगची टोपी हादऱ्याने निसटली आहे काय ? टाकीत पेट्रोल आहे काय ? जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक रिझर्व्हवर फिरवला आहे काय ? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण त्यांची उत्तरे न घेताच गाडी टेम्पोत घालून तालुक्याला नेली जाते आणि तेथे मिस्त्री केवळ बटण सरकवून ती सुरू करून देतो, असे प्रसंग नवे नाहीत.

पेट्रोलची वाट

कार्बोरेटर असलेल्या गाडीत पेट्रोल टाकीतून कॉकमध्ये, तेथून रबरी नळीने कार्बोरेटरच्या वाटीत आणि पुढे बारीक छिद्राच्या जेटमधून इंजिनात जाते. ही वाट कोठे अडली हे शोधण्यासाठी सारे काही खोलण्याची गरज नसते. शेतकरी पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोहोचले नाही, तर पाटाच्या मध्यावर जाऊन पाहतो. तेथे पाणी असेल तर फूट पुढे आहे, नसेल तर मागे. हीच युक्ती येथे उपयोगी पडते. कार्बोरेटरच्या वाटीला खाली पेट्रोल काढण्याचा एक स्क्रू असतो. इंजिन निवल्यावर तो थोडा सैल करून पाहावा. पेट्रोल अखंड वाहू लागले तर टाकीपासून वाटीपर्यंतची वाट मोकळी आहे. अडथळा असेलच तर जेटमध्ये, किंवा दोष ठिणगीत. थेंब-दोन थेंब येऊन प्रवाह थांबला, तर अडथळा मागे आहे. तपासणी झाल्यावर स्क्रू घट्ट करून सांडलेले पेट्रोल पुसावे व वाळू द्यावे.

प्रवाह अडत असल्यास प्रथम टाकीचे झाकण उघडावे. टाकीतले पेट्रोल खर्च होईल तशी त्याच्या जागी हवा आत आली पाहिजे. त्यासाठी झाकणाला सूक्ष्म छिद्र असते. धूळ-चिखलाने ते बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर निदान पक्के झाले. जिरायत पट्ट्यातील मुरमाच्या रस्त्यांवर हा दोष नवलाचा नाही. तेथील धूळ एअर फिल्टरही लवकर बुजवते. मग इंजिनाला हवा कमी व पेट्रोल अधिक मिळून ते गुदमरते, काळा धूर सोडते आणि प्लगवर काजळी धरते.

वारंवार किक मारल्याने सिलिंडरमध्ये पेट्रोल अधिक झाले, तर त्याचा वास स्पष्ट येतो. अशा वेळी चोक बंद करून, मूठ पूर्ण पिळून धरून चार-सहा किक माराव्यात, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. तापलेल्या इंजिनाला चोक देणे हे या त्रासाचे एक कारण असते.

इथेनॉलयुक्त पेट्रोलसंबंधी या परिसरातील वाचकांना विशेष आस्था वाटणे स्वाभाविक आहे. कारण उसापासून निघणारे इथेनॉल हे आता साखर उद्योगाचे महत्त्वाचे उत्पादन आहे. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पावसाचे पाणी शिरले आणि त्याचे प्रमाण वाढले, तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून अलग होतात व तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल मिळते ते तळाकडूनच. म्हणून पावसाळ्यात झाकणाचे रबर शाबूत असणे, गाडी आडोशाला उभी करणे आणि पुष्कळ दिवस वापर नसेल तर जुने पेट्रोल तसेच पडू न देणे अगत्याचे आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर अशा इंधनासाठी बनविलेले नसतात. ते फुगलेले किंवा चिरलेले दिसताच बदलावेत. कारण गळणारी नळी आगीला कारण होऊ शकते.

ठिणगीची वाट

पेट्रोल पोहोचत असेल तर प्लगकडे वळावे. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग जोराने काढल्यास आटे जातात, म्हणून इंजिन थोडे निवू द्यावे. काढलेला प्लग इंजिनाच्या प्रकृतीची नाडी होय. त्याचे टोक तांबूस-तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी मिश्रणात पेट्रोल अधिक असल्याचे किंवा एअर फिल्टर बुजल्याचे सुचवते. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे पेट्रोल येत आहे, पण ते पेटत नाही. तेलाने माखलेला प्लग पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले झिजल्याचे लक्षण, तर पांढरा पडलेला प्लग इंजिन प्रमाणाबाहेर तापत असल्याची सूचना होय.

कार्बोरेटरच्या गाडीत ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा आणि किक मारावी. टोपी रबराच्या भागावरच धरावी. प्लगच्या मोकळ्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, यासाठी प्लग त्या छिद्रापासून दूर टेकवावा. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली तर विजेची बाजू ठीक आहे. ठिणगी पिवळट व क्षीण असेल किंवा मुळीच नसेल, तर जवळचा चांगला प्लग लावून पुन्हा पाहावे. नव्या प्लगलाही ठिणगी नसेल, तर टोपी, वायर व कॉइल यांचे काम अनुभवी मिस्त्रीकडे सोपवावे.

हॉर्न व दिवे बंद असतील तर बॅटरीची टोके पाहावीत. ती सैल झाली असतील तर आवळावीत. पांढरी भुकटी जमली असेल तर खरवडावी. मग फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा; बहुधा एक जादा फ्यूज त्याच डबीत ठेवलेला असतो. तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून काम भागविण्याची सवय घातक आहे. फ्यूज जळतो तो वायरिंग जळू नये म्हणून. त्याला जळू न देणे म्हणजे वायरिंगला जळू देणे होय. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर कोठेतरी वायर घासून उघडी पडली आहे हे ओळखून तेथेच थांबावे.

नव्या गाड्यांचे वेगळेपण

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन त्या जागी इंधन-फवारणी यंत्रणा आली. यात विजेवर चालणारा पंप पेट्रोल ढकलतो आणि किती पेट्रोल फवारावयाचे हे एक छोटा संगणक ठरवतो. या गाड्यांच्या बाबतीत जुने उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

चावी फिरवताच टाकीजवळ दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पंपाचा आवाज असतो. तो येत नसेल तर फ्यूज, बॅटरी किंवा पंप यांकडे लक्ष द्यावे. फलकावरील इंजिनाच्या चित्राचा दिवा चावी फिरवल्यावर लागून इंजिन सुरू होताच विझला पाहिजे; तो लागलेलाच राहिला तर संगणकाने एखादा दोष नोंदविला आहे असे समजावे. गाडी आडवी पडल्यास काही गाड्यांतील सुरक्षा-यंत्रणा इंजिन आपोआप बंद करते. अशा वेळी गाडी उभी करून, गळती नाही याची खात्री करून, चावी एकदा बंद व पुन्हा सुरू करावी. उघड्या प्लगची ठिणगी पाहण्याचा प्रयोग मात्र या गाड्यांवर करू नये. संगणकाचे नुकसान होण्याचा संभव असतो, आणि फवाऱ्यातून आलेले पेट्रोल पेट घेऊ शकते.

बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गियरमध्ये ढकलून, वेग येताच क्लच सोडून सुरू करण्याची जुनी रीत कार्बोरेटरच्या मोटारसायकलीस चालते. इंधन-फवारणीच्या गाडीत पंपालाच वीज लागत असल्याने, बॅटरी पूर्ण मृत असेल तर कितीही ढकलले तरी उपयोग होत नाही. गियर नसलेल्या स्कूटरला तर ही रीत लागूच पडत नाही.

इंजिन चालू, गाडी जागीच

क्लचची वायर तुटली की लीव्हर मोकळा लोंबतो. जुने जाणते चालक चालू वायरीच्या कडेने दुसरी वायर ओवूनच ठेवीत. वाटेत केवळ टोके बदलली की काम झाले. ही सवय आजही अनुकरणीय आहे. चेन उतरली असेल तर प्रथम इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी आणि मगच चेनला हात लावावा. फिरत्या चाकात चेन व दातेरी चक्र यांमध्ये बोट सापडल्यास ते तुटते. चालू इंजिनावर चेन पुसण्याची पद्धत म्हणूनच सर्वथा त्याज्य आहे. उतरलेली चेन बसविता येते. पण ती पुन्हा उतरण्याइतकी सैल का झाली, याचा विचार त्याच दिवशी व्हावा.

माळरानावरील बाभळीचा काटा हा या भागातील चाकांचा नित्याचा वैरी. ट्यूब असलेले चाक काटा लागताच बसते; तशा अवस्थेत गाडी चालविल्यास टायर व ट्यूब दोन्ही फाटतात. ट्यूबलेस टायरमधील काटा किंवा खिळा मात्र वाटेत उपसून काढू नये. तो आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते आणि सावकाश चालवीत पंक्चरचे दुकान गाठता येते.

पाणी आणि ऊन

कऱ्हेला बारमाही पाणी नसले तरी तिचा पूर अवचित येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदर तालुक्यातील अतिवृष्टीनंतर नाझरे जलाशयातून पाणी सुटले आणि बारामतीत नदीकाठच्या रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, हाच पहिला उपाय. तरीही साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले, तर तेथेच किक किंवा सेल्फ मारू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर रेटला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभर रुपयांचे काम हजारांवर जाते. गाडी ढकलत कोरड्या जागी आणावी. इंजिनातील तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात चढावर ओझ्यासह गाडी नेताना इंजिनाची ताकद कमी झालेली व आवाज कोरडा झालेला जाणवला, तर जाम होण्यापूर्वीच थांबावे आणि तेल पाहावे. शंभर सी.सी.च्या आसपासच्या गाडीत तेल साधारण एक लिटरच असते. त्यातले पाव लिटर कमी झाले तरी चौथा हिस्सा गेला, हे ध्यानात घ्यावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. ते सावलीत आपोआप निवू द्यावे.

कोठे थांबावे, काय जवळ ठेवावे

क्रमाने तपासूनही वीस मिनिटांत दोष सापडला नाही, तर प्रयत्न आवरावा. ब्रेक लागत नसणे, पेट्रोल गळणे, वायर जळाल्याचा वास येणे, इंजिन जाम होणे या चार प्रसंगी तर गाडी सुरू झाली तरी चालवू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर साहाय्य मागता येते. संकटसमयी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. मिस्त्रीला “गाडी बंद पडली” एवढेच न सांगता ती कशी बंद पडली, त्यापूर्वी काय जाणवले आणि स्वतः काय काय तपासले, हे क्रमाने सांगावे. नेमक्या माहितीमुळे मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकाचा अनावश्यक खर्चही टळतो.

गाडीच्या डबीत मावेल इतके साहित्य पुरेसे आहे : प्लगचा पाना, एक चांगला प्लग, दोन फ्यूज, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, क्लचची वायर, चेनचे जोड-कडे, थोडी चिकटपट्टी, फडके आणि लहान विजेरी. अंगावर चढविता येईल असा चकाकणारा पट्टा सोबत असल्यास रात्री माणूस दुरून दिसतो.

ही माहिती व्यक्तीपुरती न राहता गावाची व्हावी, यासाठी फार मोठ्या योजनेची जरुरी नाही. मृग नक्षत्रापूर्वी शेतकरी औते-अवजारे नीट करतो, त्याच सुमारास ग्रामपंचायतीने एक सकाळ दुचाकी तपासणीसाठी ठरवावी. गावातील मिस्त्री किंवा जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक यांना पाचारण करून प्लग काढणे, फ्यूज बदलणे, चेनचा ताण पाहणे ही कामे लोकांच्या हातून करवून घ्यावीत. आशा स्वयंसेविका, शिक्षिका व महाविद्यालयीन मुली यांना त्यात आवर्जून बोलवावे. कारण आडवाटेला एकटीने अडकण्याचा धोका त्यांना अधिक. शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाने ज्वलनाचा पाठ शिकविताना पटांगणात उभी असलेली स्वतःचीच गाडी दाखवावी. हवा, इंधन आणि ठिणगी यांचा संबंध फळ्यावरील आकृतीपेक्षा तेथे लवकर उमजतो.

कऱ्हाटीच्या रस्त्यांवर पुढेही वाहने बंद पडतीलच. यंत्र म्हटले की झीज आली. मात्र थांबलेल्या गाडीपाशी गोंधळून उभा राहणारा माणूस आणि ती कडेला घेऊन, थांबण्याची रीत आठवून, पेट्रोलपासून ठिणगीपर्यंत एकेक गोष्ट पाहत जाणारा माणूस यांत अंतर आहे ते एका सकाळच्या शिकवणीचे. येत्या पावसाळ्यापूर्वी ती सकाळ प्रत्येक ग्रामपंचायतीने ठरविल्यास दूध वेळेवर पोहोचेल, शाळा वेळेवर भरेल आणि अंधाऱ्या कडेला वाकून बसण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही.